शेवाळेंनी काढलेलं तोंड

शेवाळे गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली, आंब्याच्या पेट्यांच्या दोन जाहिरातींच्या मधोमध. शनिवारची सकाळ होती. कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आधी कुणीतरी हापूस कुठल्या दुकानात आलाय ते कळवलं होतं, मग 'आपले सभासद श्री. शेवाळे यांचे काल दुपारी मंगफ येथे हृदयविकाराने दुःखद निधन', आणि त्याच्या लगेच खाली पायरीचा फोटो. मग जोडलेले हात सुरू झाले. एकाने मेणबत्तीची हलणारी ज्योत टाकली. एकाने विचारलं, "कोण शेवाळे?" दुसऱ्याने सांगितलं, "ते पेंटिंगवाले. नाईकसाहेबांचं चित्र काढलं होतं ना, ते." तासाभराने सेक्रेटरी परागने शेवाळेंचा फोटो टाकला आणि तो बघून मी फोन पालथा ठेवला. कुठल्याशा ॲपमधून चेहरा धुऊन काढला होता. गालांवरचे मुरमांचे खड्डे गेले होते, डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या होत्या, कातडी लहान मुलांच्या साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी गुळगुळीत, ओठ गुलाबी... मला किळस आली. हा शब्द मी विचार करून लिहितेय. रडू नंतर आलं, दुसऱ्या दिवशी, क्लिनिकमध्ये त्यांचा कप धुताना. त्या सकाळी मात्र आली ती निव्वळ किळसच.

शेवाळे कवळ्या करायचे. मी नर्स आहे, फिंतासला राहते, आणि आमच्या दातांच्या क्लिनिकमध्ये मी आले त्याच्या आधीपासून मागच्या खोलीतल्या लॅबमध्ये शेवाळे बसलेले होते. मूळचे मिरजेचे. बायको आणि मुलगी तिकडेच, हे मंगफला एका केरळी माणसाबरोबर फ्लॅट वाटून राहायचे. डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचं माप घेऊन आत पाठवायचे आणि शेवाळे त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचे, मेणात दात बसवायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून कवळी घासत बसायचे. शाळेत चित्रकलेच्या परीक्षांना 'ए' मिळवलेला माणूस. पुढे चित्रकला शिकायची तर घरून परवानगी नव्हती, म्हणून दातांचा डिप्लोमा केला. हे त्यांनी कधी कुरकुरत सांगितलं नाही. "तोंडच आहे की ते बी," म्हणायचे.

त्यांना एका अमेरिकन चित्रकाराचं वेड लागलं ते एका डॉलरमुळे. तेल कंपनीतला एक अमेरिकन इंजिनियर कवळीवर इतका खूश झाला की जाताना आठवण म्हणून एक डॉलरची नोट देऊन गेला. दुपारी क्लिनिक बंद असताना शेवाळेंनी मला हाक मारली. "सिस्टर, इकडं या. हे तोंड बघा." नोट दिव्याखाली धरून ते भिंगातून बघत होते. नोटेवर अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. मला काहीच वेगळं दिसेना. "वरचा ओठ बघा, आतनं कुणीतरी ढकलल्यासारखा. जबडा आवळून धरलाय. ह्या माणसाच्या तोंडात कवळी हाय, आणि वाईट कवळी हाय. दुखतीय त्याला." मी हसले. त्यांनी आठवडाभर शोधाशोध केली आणि मग एका सकाळी मला कागदच आणून दाखवले. खरोखरच त्या गृहस्थाला कवळी होती. त्या काळच्या कवळीला स्प्रिंगा असायच्या, तोंड मिटून धरलं नाही तर ती उसळायची. नोटेवरचा चेहरा एका तैलचित्रावरून घेतलेला होता, आणि ते चित्र काढणारा माणूस सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत नुसते चेहरे रंगवून पोट भरायचा. शेवाळे त्याचं नाव अदबीने घ्यायचे, पण आम्हा दोघांत तो 'डॉलरवाला'च राहिला. इथेही मी त्याला तेच म्हणणार आहे.

पुढची काही वर्षं मी त्या डॉलरवाल्याबद्दल जेवढं ऐकलं तेवढं माझ्या सासरच्या माणसांबद्दलही ऐकलं नसेल. लॅबच्या भिंतीवर प्लास्टरच्या जबड्यांच्या वर त्याच्या चित्रांचे प्रिंट लागले. व्यापारी, त्यांच्या बायका, वकील, म्हाताऱ्या विधवा. शेवाळे मला एकेका चेहऱ्यासमोर उभं करायचे. ह्या बाईच्या नाकाच्या शेंड्यावरचा तांबूसपणा बघा, सर्दी झालीय तिला. ह्याच्या गालाची कातडी बघा, खाली रक्त आहे हे कळतंय. हा माणूस पेन्सिलीने आधी काढून घ्यायचाच नाही म्हणे, थेट ब्रशने चेहऱ्याला हात घालायचा. आणि ते राष्ट्राध्यक्षाचं चित्र त्याने पुरं केलंच नाही. चेहरा झाला, बाकी कॅनव्हास कोराच ठेवला, मूळ चित्र शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवलं आणि त्यावरून नकला करून विकत राहिला. "एवढा मोठा माणूस म्होरं बसलाय," शेवाळे म्हणायचे, "आख्खा देश पाया पडतोय, आणि ह्यानं काय काढलं? त्याच्या तोंडातलं दुखणं. आणि त्यात त्याला कमी पण नाही केलं बघा. उलटं, माणूस वाटतोय." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. देवळात बोलतात तसं बोलायचे.

मग स्वतः तैलरंग आणले. मंगफच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, रंगवत बसायचे. पहिल्यांदा फ्लॅटमधल्या केरळी दोस्ताला बसवलं, मग खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या माणसाला, मग मला. माझं चित्र बघून माझा मुलगा म्हणाला, "ममा, यू लुक सो टायर्ड." आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते कपाटामागे ठेवून दिलं. ते चित्र माझंच होतं. डबल ड्यूटी करून आलेली मी तशीच दिसते.

आता नाईकसाहेबांकडे यायला हवं. हे त्यांचं खरं नाव नाही. मंडळाचे सल्लागार, मोठे कंत्राटदार, दस्मानला समुद्रासमोर फ्लॅट. कुणाचा इकामा अडकला, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, की त्यांच्याकडे जायचं. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा नवी कंपनी आणि नवा इकामा त्यांच्या एका फोनने झाला होता. हे मी विसरत नाही, आणि त्यांनीही कधी विसरू दिलं नाही. मंडळाने त्यांच्या सत्काराला तैलचित्र भेट द्यायचं ठरवलं. सांस्कृतिक समिती माझ्याकडे होती, शेवाळेंचं नाव मीच सुचवलं. एक गोष्ट क्लिनिकबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. नाईकसाहेबांना कवळी होती, आणि ती शेवाळेंनीच केलेली होती. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मागे एका मुलाखतीत हसत हसत सांगून टाकली, म्हणून आज लिहितेय. तेव्हा मात्र ती त्यांना जिवापलीकडे जपायची होती.

शेवाळे पाच-सहा शुक्रवार दस्मानला गेले. साहेब खुर्चीत बसून फोनवर बोलत राहायचे, हसायचे, कुणाला तरी झापायचे. शेवाळे वाट बघायचे. "बोलून दमले की गप होतात," त्यांनी मला सांगितलं, "तेव्हा एक मिनिटभर खरा माणूस येतो." तो मिनिटभर आलेला माणूस त्यांनी काढला. खालचा ओठ जरा सैल, तोंडाच्या कडा उतरलेल्या, डोळे समुद्राकडे. बायको गेल्यानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. त्या चित्रात कवळी दिसत नव्हती, दात दिसतच नव्हते. दिसत होता तो रिकाम्या घरात दुपारी बसलेला एक म्हातारा. मी लॅबमध्ये ते चित्र पहिल्यांदा पाहिलं आणि ज्या माणसाच्या उपकाराच्या ओझ्याने मी त्याच्यासमोर नेहमी मान खाली घालायची, त्याच्याबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली. शेवाळेंनी खाली उजव्या कोपऱ्यात देवनागरीत सही केली होती. द. शेवाळे.

साहेबांनी चित्र पाहिलं आणि परागला म्हणाले, "हा मी नाही. म्हातारा करून ठेवलाय मला." समितीने मला शेवाळेंकडे पाठवलं.

"जरा हसरं करा ना," मी म्हटलं. "चार ब्रश मारायचे. सत्काराचं चित्र आहे हो शेवाळे."

ते एका जबड्यावर मेण चढवत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "ताई, चित्र परत द्या म्हणावं. मी घरी ठेवतो, त्येंना नको तर नको. पण तोंड बदलायचं नाही."

"तुमचा डॉलरवाला असता तर त्यानेही बदललं असतं. गिऱ्हाईकाचं ऐकावंच लागतं."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "तुमाला खरंच असं वाटतंय का?"  मला तसं वाटत नव्हतं.

दोन दिवसांनी परागचा फोन आला, चित्र त्याच्याकडेच होतं. मी ड्यूटीवर होते. बॅनर करणारा एक आर्टिस्ट त्याच्या ओळखीचा होता, तो चेहऱ्यावर 'थोडं टच-अप' करून देणार होता. "सही आहे तशीच राहील, ताई. शेवाळेंचा मान राखायलाच पाहिजे. तुमची हरकत नाही ना? समिती तुमची, म्हणून विचारतोय." माझ्या डोळ्यांसमोर ह्यांच्या इकाम्याची तारीख होती, पुढच्याच महिन्यात नूतनीकरण होतं. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." हे वाक्य किती सोयीचं आहे बघा. त्यात 'हो' नाही, 'नाही' नाही, म्हणणारा माणूसच नाही. इतरांच्या किळसवाण्या गोष्टी मी इथे लिहितेय, त्या सगळ्यांच्या वर हे वाक्य ठेवावं लागेल.

सत्कार झाला. पडदा बाजूला झाला आणि चित्रातले नाईकसाहेब हसत होते. वरची अख्खी रांग, पांढरीशुभ्र, टूथपेस्टच्या जाहिरातीतली. गाल भरलेले, डोळ्यांत ठिपक्याएवढी चमक. आणि खाली कोपऱ्यात, द. शेवाळे. टाळ्या पडल्या. शेवाळे चौथ्या-पाचव्या रांगेत होते, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले, चित्राला काय केलंय ते ठाऊक नसलेले. त्यांना स्टेजवर बोलावून शाल दिली. त्यांनी शाल घेतली, चित्राकडे एकदा बघितलं आणि खाली उतरले. जिन्यापाशी मी त्यांना गाठलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडायला हवे होते.

"ताई, दात चुकलेत," ते म्हणाले. "मी त्येंना असे दात दिलेच नव्हते."

मी सांगायला सुरुवात केली, की परागने... की मला... त्यांनी हात वर करून थांबवलं. "डॉलरवाला शाणा होता. मूळ चित्र कधी हातचं सोडलं न्हाई त्यानं." आणि शाल काखेत मारून बसच्या दिशेने चालत गेले.

त्यानंतर ते मंडळात आले नाहीत. माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं. रोज सकाळी चहा तसाच यायचा, डॉलरवाल्याच्या नव्या सापडलेल्या चित्राची हकिकत तशीच यायची. पण मला कुणाचा चेहरा दाखवताना पूर्वी विचारायचे, "काय दिसतंय सांगा बघू?" ते विचारणं बंद झालं. ते स्वतःच सांगून टाकायचे. हे मला समजायला बरेच महिने लागले.

आणि मग तो शुक्रवार. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. फ्लॅटमधल्या दोस्ताने अँब्युलन्स बोलावली, कागदपत्रांसाठी तोच धावला, मृतदेह मिरजेला पाठवेपर्यंत तोच विमानतळावर थांबला. मंडळाने शोकसभा घेतली. हॉल मिळाला नाही म्हणून नाईकसाहेबांच्या दिवाणखान्यात, दस्मानला. समोर टेबलावर तो धुतलेला फोटो, त्याला हार. वर भिंतीवर ते हसणारं चित्र. आतून कचोऱ्या तळल्याचा वास येत होता. एकजण उठून म्हणाले, शेवाळे सदा हसतमुख. शेवाळे हसत नसत, ऐकत असत. दुसऱ्यांनी त्यांना विनोदी स्वभावाचं केलं, तिसऱ्यांनी मंडळाचा आधारस्तंभ. भिंतीवरच्या चेहऱ्याला केलं तेच ते आता जमिनीवर बसून तोंडी करत होते, टच-अप. शेवटी नाईकसाहेब उभे राहिले, चित्राकडे हात केला आणि म्हणाले, "शेवाळेंनी मला ह्या भिंतीवर अमर करून ठेवलंय."

मी उभी राहिले.  "साहेब, त्या चित्रातलं तोंड शेवाळेंनी काढलेलं नाही. दुसऱ्याकडून वर रंगवून घेतलंय. मला माहीत आहे, कारण मला विचारलं होतं आणि मी नको म्हटलं नाही."

"ताई, ही वेळ आहे का?" पराग पुटपुटला. कुणीतरी खोकलं. नाईकसाहेबांचा हात आपोआप तोंडापाशी गेला. "निदान त्यावरची सही काढा," मी म्हटलं. तर मागून एक बाई, अगदी समजुतीच्या सुरात, "अहो, सही राहू द्या हो. तेवढीच त्यांची आठवण." आणि मग कचोऱ्या आल्या. लोकांनी त्या खाल्ल्या. दोघींनी मला पाककृती विचारायला स्वयंपाकघरात कोण आहे ते विचारलं. घरी येताना गाडीत हे म्हणाले, "बोललीस ते खरं होतं, पण आता इकाम्याचं बघायला हवं." 

आठवड्याने साहेबांचा स्वतःचा फोन आला. "सही काढायची असेल तर येऊन काढा." मी क्लिनिकमधलं नवं ब्लेड घेऊन गेले. घरात ते एकटेच होते. त्यांनी चित्र उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. मी अक्षर अक्षर खरवडत गेले. शे, वा... वाळलेला रंग भुशासारखा निघत होता. मृत माणसाचं नाव खरवडायला हात धजत नव्हता, पण त्या दातांखाली ते नाव राहणं त्याहून वाईट होतं. साहेब शेजारी उभे होते. म्हणाले, "सिस्टर, खालचं तोंड अजून असेल का हो? ह्या रंगाच्या खाली?"

"असेल," मी म्हटलं.

 साहेबांची दया यायला हवी होती, असं ह्यांचं मत. मला आली नाही. मी ब्लेड कागदात गुंडाळलं, हात धुतले आणि निघाले.

लॅबमध्ये आता एक नवा तंत्रज्ञ आलाय, सुरतचा, कामाला चोख. पहिल्याच दिवशी त्याने मला एक मेणातली कवळी दाखवली. "सिस्टर, यह दाँत टेढ़ा है. सीधा कर दूँ?" शेवाळेंचं शेवटचं अर्धवट काम होतं ते. जहरा गावची एक म्हातारी कुवेती बाई, हजला जाऊन आलेली म्हणून हज्जिया म्हणतात तिला सगळे. तिच्या मुलीने मोबाइलमध्ये आईचा एक जुना फोटो आणून दाखवला होता, वाळवंटातल्या तंबूपुढे उभी, तोंड उघडून कुणाला तरी हाक मारणारी. त्या फोटोत वरचा डावीकडचा दात शेजाऱ्यावर किंचित चढलेला होता. शेवाळेंनी मेणात तो तसाच चढवला होता. मी नव्या माणसाला म्हटलं, "हात मत लगाना. जैसा है वैसाच बनाओ." माझ्या हिंदीला तो हसला, पण त्याने ऐकलं.

परवा हज्जिया आली. डॉक्टरांनी कवळी बसवली, मी आरसा दिला. तिने आरशात बघितलं. मग जीभ त्या वाकड्या दातावरून फिरवली, एकदा, दोनदा. आरसा माझ्या हातात परत देऊन ती मुलीकडे वळली आणि तिला उशिरा आणल्याबद्दल फाडफाड बोलायला लागली. मुलगी ऐकत होती आणि डोळे पुसत होती. मला म्हणाली, गेली तीन वर्षं आई धड भांडतच नव्हती.

दाराशी पोचल्यावर हज्जिया थांबली. "मिनू सव्वाहा?" कुणी केली ही?

मी सांगितलं, "शेवाळे."

नवी कवळी लावली की आम्ही माणसाला मुद्दाम श आणि स म्हणायला लावतो. दात चुकले असतील तर शिट्टी वाजते. डॉक्टर त्या दिवशी गडबडीत ते विसरले होते. हज्जियाने ते अनोळखी नाव तोंडात घोळवलं आणि सावकाश, मोठ्याने म्हटलं, "शे... वा... ले." ळ तिला जमला नाही. श अगदी स्वच्छ आला.